मरणाची तालीम

गजभियेबाईंच्या ऑफिसवर पाटी होती : ‘विमा सल्ला केंद्र. येथे विमा विकला जात नाही.’ मोहाडीच्या तहसील कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, झेरॉक्सचं दुकान आणि सायकल दुरुस्ती यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली ती एक खोली. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक पाटी वाचून थबकायचे आणि दारातून डोकं आत घालून विचारायचे, “विकत नाई, तं मंग करता काय जी?”

“आयकते,” बाई म्हणायच्या. “बसा.”

मी तेव्हा नागपूरला एमबीए करत होते. विषय विमा, आणि उन्हाळ्यात इंटर्नशिप सक्तीची. वर्गातल्या मुली मुंबई-पुण्याच्या काचेच्या ऑफिसांत गेल्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून फोटो पाठवू लागल्या. मला मोहाडी मिळालं. कारण माझं घर भंडाऱ्यात, आमच्या सरांची बाईंशी जुनी ओळख, आणि मे महिन्यात मुलीने घरचंच खावं असं माझ्या आईचं ठाम मत. पहिल्या दिवशी एसटीतून उतरून त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालेलं असणार, कारण बाईंनी ते नीट निरखून बघितलं.

“मुंबई पायजे होती ना तुले?”

“नाही, तसं काही नाही.”

“खोटं नोको बोलू. इथं येनारा पयले खोटंच बोलते, मले समजते. बस. बापाले फोन लाव.”

“कशाला?”

“विचार, पॉलिसी कुठं ठेवली.”

मी फोन लावला. बाबा बँकेत नोकरीला. माझा प्रश्न ऐकून ते आधी घाबरले, “का? काय झालं? कोण गेलं?” मग रागावले, आणि शेवटी म्हणाले, “आईला विचार.” आई म्हणाली, “मला काय माहीत? बाबांना विचार.” स्पीकरवर हे सगळं ऐकून बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर हात आपटला. “बँकवाल्याच्या घरी हे हाल! मंग आपलं ऑफिस बंद नाई पडत.” संध्याकाळी ती पॉलिसी आमच्या माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात सापडली. माझी इंटर्नशिप अशी सुरू झाली.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, उंच आणि हाडकुळ्या. कडक स्टार्चची सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा, आणि आवाज असा की सायकल दुरुस्तीवाला पलीकडून त्यांच्या बोलण्याला हुंकार देत असे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली एक लोखंडी कपाट, आणि एक कूलर. तो कूलर चालू असला की विमान उतरतंय असं वाटायचं. पण कोणी आपल्या घरचं सांगायला लागलं की बाई उठून तो बंद करायच्या. बाहेर ऊन भाजून काढत असायचं, आत सगळे घामाने निथळायचे, आणि बाई पदराने वारा घेत म्हणायच्या, “हं, आता सांगा.” मशीन चालू असताना माणसाचं ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सुरुवातीला मनातल्या मनात चरफडत होते. पुढे कूलर बंद झाला की माझी मान आपोआप वर व्हायला लागली.

पूर्वी त्या एका विमा कार्यालयात नोकरीला होत्या. ती का सोडली असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “खुर्ची टोचे.” त्याहून जास्त सांगितलं नाही. आता कोणी पॉलिसी घ्यायची म्हणून येई, कोणी आधीच गळ्यात मारलेली समजून घ्यायला येई, कोणी अडकलेला दावा घेऊन. बाई थोडी फी घेत. ज्याला जमत नसे तो धान निघाल्यावर लाखोरीची डाळ आणून देई, आणि त्यातली अर्धी माझ्या आईकडे जाई. विमा कंपनीच्या फोनवरच्या मुलांशी त्या हिंदीत बोलायच्या. “बेटा, खाना हुआ क्या? हुआ ना? तो अब ठीक से सुन.” पलीकडचा मुलगा कुठल्या शहरात बसलेला असे कोण जाणे, पण तो नीट ऐकत असे.

दोष होते, नाही असं नाही. साखरेचा आजार असून पेढ्याला नाही म्हणत नसत, आणि मी बघितलं तर “प्रसादाचा हाय” म्हणायच्या. कुठल्या देवाचा ते विचारायची सोय नव्हती. माणूस जरा आढेवेढे घ्यायला लागला की त्यांचा संयम सुटे. ताकाला येऊन भांडं लपवणाऱ्याला त्या सरळ सांगत, “भांडं काढ ना बाप्पा, मले डाव्या डोऱ्यानं दिसून राहिलं.” आणि त्यांची स्कूटी. बोलायचं असलं की त्या मान पूर्ण मागे वळवून बोलत, आणि गाडी आपल्या मर्जीने चालत राही. विम्याचा सल्ला देणाऱ्या बाईच्या मागे बसून मला रोज स्वतःच्या विम्याची काळजी वाटत असे.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या तालमीबद्दल.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव नाटकं होतात. त्यांच्या तालमी ज्याच्या त्याच्या अंगणात चालतात आणि अख्खं गाव त्या बघतं. बाई त्यातच वाढलेल्या. त्यांचं म्हणणं असं, “नाटकाले तालीम करता. पोरीच्या लग्नात कोन कुठं उभा राह्यन ते ठरवता. मरन तं नक्की येनार हाय. त्याले तालीम नोको?” म्हणून एकटा पुरुष पॉलिसीचं विचारायला आला की त्या त्याला परत पाठवत. बायकोला घेऊन ये. बायको आली की तिला टेबलासमोर बसवायचं आणि नवऱ्याला कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत. नवरा मेला, असं धरायचं. मग बाई त्या बायकोला विचारायच्या, “आता सांग. पयले काय करशीन?”

सुरुवातीला मला हा प्रकार भयंकर वाटला. दोन दिवसांनी मी हसू दाबायला शिकले. कारण कोपऱ्यातल्या मयताला गप्प बसवत नसे. बायको चुकीच्या बँकेचं नाव घेई आणि मयत ओरडे, “अवो, ते नाई, बाजूची!” बाई बोट दाखवून म्हणत, “ओ भाऊ, मेलेला मानूस बोलत नाई.” मोहाडीच्याच एका बाईने विचारल्याबरोबर उत्तर दिलं, “पयले याची मोटरसायकल विकीन.” मयत ताडकन उठला आणि दोघांचं भांडण रस्त्यापर्यंत गेलं. पण पुढच्या आठवड्यात दोघंही परत आले. कारण त्या भांडणात बायकोला पहिल्यांदा कळलं होतं की गाडीवर कर्ज आहे.

माझं तिथलं काम लहानसंच होतं. बाईंच्या सगळ्या लोकांच्या हप्त्यांच्या तारखा मी संगणकावर घेतल्या आणि त्यांच्या फोनमध्ये आठवणी लावून दिल्या. त्यांनी ते इतक्या हौसेने शिकून घेतलं की पुढे सायकल दुरुस्तीवाल्याच्या बायकोचा वाढदिवसही फोन आठवून द्यायला लागला.

मे महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी सुधाकर आणि कुंदा आले. सिहोऱ्याकडचं गाव, घरची थोडी धानाची शेती, एक लहान मुलगी. बरोबर सुधाकरची आई, भागरथाबाई. ती आत आलीच नाही. पायरीवर पाठ करून बसली आणि म्हणाली, “असलं मी नाई आयकत.”

सुधाकर गावच्या नाटकात विनोदी काम करायचा. कोपऱ्यातली खुर्ची मिळाल्यावर त्याला हर्षच झाला. त्याने मान एका बाजूला टाकली, जीभ बाहेर काढली आणि डोळे मिटले. मी हसले, बाईही हसल्या. कुंदा मात्र हसेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली बघत बसली.

“पयले काय करशीन?” बाईंनी विचारलं.

“असं बोलाचं नसते जी,” ती म्हणाली. “तोंडातून निंगलं का घडते.”

बाईंनी समजावलं, मी समजावलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी सुधाकरने एक डोळा उघडला आणि म्हणाला, “बोल ना वं. मी इथंच हावो ना.”

त्यावर ती बोलली. अडखळत, घाम पुसत. अपघाती विमा होता. म्हणून बाईंनी तिच्याकडून घोकून घेतलं : साप चावो, वीज पडो, गाडीने ठोको, आधी पोलिसांना फोन, मग सरकारी दवाखाना, शवविच्छेदन झालंच पाहिजे. त्याशिवाय अपघात होता हे कंपनीला पटत नाही. “बाकी सारं मंग,” बाई म्हणाल्या. “रडनं-पडनं मंग. समजलं?” कुंदाने मान हलवली. सुधाकरने टाळ्या वाजवल्या आणि आईला हाक मारून म्हणाला, “आई, पास झाली हे!”

भागरथाबाई पायरीवरून उठून बाजाराकडे चालू लागली.

जूनच्या सुरुवातीला, धानाच्या रोपांसाठी परे टाकायच्या आधी, सुधाकर गोठ्यामागचं जुनं तणीस, धानाचा पेंढा, काढत होता. त्यात साप होता. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला तुमसरला नेत असताना वाटेतच तो गेला. आता दवाखान्यात नेऊन काय करायचं म्हणून मोठ्या भावाने घरी फोन केला आणि जीप अर्ध्या रस्त्यातून परत वळवली.

पुढचं आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याच गावचा एक जण दुसऱ्या दिवशी तहसिलीत कामाला आला होता. तो चहा प्यायला झेरॉक्सच्या दुकानाशी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, “काय जमाना आला! जीप आंगनात आली तं बायको समोर उभी. म्हने, उतरवू नका, दवाखान्यात न्या, पोलिसाले मी फोन केला. डोऱ्यात पानी नाई. दीर म्हने, भावाले चिरू देनार नाई. बायको म्हने, चिरा लागनच. पैशापायी! बुढीनं तं छाती बडवून घेतली. म्हने, माह्या लेकाले हिनं कापाले धाडला.”

बाई आत खुर्चीवर बसल्या होत्या. ऑफिसात आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी उठून कूलर बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “चाल.”

तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी ते ऑफिस बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. भर दुपारी आम्ही स्कूटीवर निघालो. तुमसर ओलांडून गेलो तरी बाईंनी एकदाही मान मागे वळवली नाही. मला तेव्हा ते नेहमीपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. गाव जवळ आल्यावर फक्त एवढं म्हणाल्या, “त्या घरी मी आधी गेली आहो. सपरीच्या आत कोनी बोलावलं नाई, अन् मी बी गेली नाई.” सपरी म्हणजे घरापुढची ओसरी. त्यातलं न बोललेलं आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सपरीत पुरुष बसले होते. आतल्या मोठ्या खोलीत बायका. भागरथाबाईभोवती त्यांचं कडं झालेलं, कोणी तिची पाठ चोळतंय, कोणी पाणी पाजतंय, मध्येच सगळ्या मिळून रडताहेत. कुंदा पलीकडे, धानाच्या कोठीला टेकून. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन रिकामी होती. मुलगीही कुणीतरी आपल्या मांडीवर नेली होती. कुंदा रडत नव्हती. जो प्रश्न विचारला जाईल त्याचं उत्तर द्यायचं, अशा तयारीने बसल्यासारखी ती समोर बघत होती.

दीर उठून उभा राहिला. “आल्या! पैसेवाल्या बाई आल्या!”

बाईंनी चपला काढल्या. सपरी ओलांडली, आत गेल्या, बायकांच्या कड्याला वळसा घातला आणि कुंदाच्या बाजूला जमिनीवर बसल्या. तिचा हात आपल्या हातात घेतला. मी दारातच उभी होते, आणि त्या घरातला एकेक आवाज बंद होत गेलेला मला ऐकू आला.

“शिव्या मले द्या,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच जणू, इतका खाली. “हे हिच्या मनचं नोहोय. मी शिकवलं. माह्या ऑफिसात, माह्यासमोर. अन् सुधाकर तिथं बसून होता. हे बोलत नोहोती. नाई म्हने, असं बोलाचं नसते. त्यानं सांगितलं हिले, बोल ना वं, मी इथंच हावो. काल हिनं त्याचं आयकलं. दुसरं काई केलं नाई.”

कुंदाच्या तोंडातून एक आवाज निघाला आणि ती बाईंच्या मांडीवर कोसळली. मग ती जे रडली, ते मी पुन्हा कुठे ऐकलेलं नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. बाईंचा चष्मा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. भागरथाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. तिच्याजवळची एक म्हातारी उठली आणि मुलीला आणून कुंदाजवळ बसवून गेली.

परत येताना रस्त्याच्या कडेला झाड बघून बाईंनी गाडी थांबवली. बाटलीतलं गरम पाणी प्यायल्या. “मी तिले कागदाचं शिकवलं,” त्या म्हणाल्या. “रडनं मंग, म्हटलं. कोन म्हनते असं? कोन्या कंपनीनं सांगितलं होतं मले?” मी काहीतरी बोलायला गेले, तुमच्यामुळेच तर दावा वाचला वगैरे. त्यांनी हात वर केला. “वाचला. थे बी खरं हाय. पन त्या पोरीनं एक दिवस एकटीनं काढला पोरी, सारं गाव समोर असून. थो दिवस कोनती कंपनी भरून देते?”

तेरवीपर्यंत बाई रोज त्या घरी जात होत्या. ऑफिस मी सांभाळलं. दाव्याचे कागद मीच लावले, फोन मीच केले, आणि “बेटा, खाना हुआ क्या” हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा सायकल दुरुस्तीवाला पलीकडून मोठ्याने हसला. दावा मंजूर झाला तेव्हा मी नागपूरला वर्गात होते. बाईंचा फोन आला. “शेती राह्यली तिची. दीर विकून राहिला होता,” एवढंच सांगून त्यांनी ठेवून दिला. मी वर्गाबाहेर जिन्यात जाऊन बसले.

माझ्या मैत्रिणींना इंटर्नशिपमधून बरंच काही मिळालं, नोकऱ्यासुद्धा मिळाल्या. मला बाई मिळाल्या. चुकलं तर स्कूटी काढून चूक जिथे झाली त्या घरापर्यंत जायचं, आत जायचं, आणि जिचं नुकसान झालं तिच्या शेजारी जमिनीवर बसायचं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी आज एका मोठ्या कंपनीत दाव्यांचं काम बघते. कोणी फोनवर बोलायला लागलं की मी खोलीतला पंखा बंद करते आणि सहकारी मला वेडी समजतात. या वेडाबद्दल मी बाईंची जन्मभर ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मोहाडीला गेले. धान कापणीला आलं होतं, हवेला गारवा होता, कूलरवर चादर टाकलेली. आत कुंदा होती. तिला स्वतःचा अपघाती विमा घ्यायचा होता, मुलीला वारस ठेवून. मुलगी लहान, म्हणून तिच्या वतीने सगळं बघायची जबाबदारी आजीची. त्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीत कुंदा बसली होती, आणि टेबलासमोर, बाईंच्या पुढ्यात, भागरथाबाई.

मी दाराशी टेकून उभी राहिले. बाईंनी मला बघितलं आणि डोळ्यांनीच थांब म्हटलं.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “कुंदा शेतात गेली, अन् वीज पडली. आता पयले मले एक सांगा. तुमच्या बाजूले कोन बसन?”

हा प्रश्न उन्हाळ्यात नव्हता. म्हातारीने मोठ्या सुनेचं नाव घेतलं, आणि स्वतःच मान हलवून ते परत घेतलं. शेजारणीचं घेतलं, तीही म्हातारी झाली म्हणाली. मग तिने बाईंकडे बघितलं.

“तूच येजो,” ती म्हणाली. “माह्याजवळ तवा पुरी आळी बसली होती. हिच्याजवळ तू एकटी बसली. मी पाहून राहिली होती.” पुढे म्हणाली, “सपरीत नोको थांबू. सिधी अंदर येजो. कागद मंग काढू.”

बाई चष्मा काढून पदराने पुसू लागल्या, आणि तो काही केल्या पुसून होईना.

शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीतून कुंदाच हळूच म्हणाली, “मॅडम, फुडचं विचारा ना.”